एका साखळीची जमीन

पेण तालुका संपतो आणि रोहे तालुका सुरू होतो, तिथे पाहण्यासारखं काही नाही. अंबा नदीच्या खाडीचा एक फाटा, दोन्ही अंगांना तिवरांची झाडी, मधे ओहोटीला उघडा पडणारा काळा चिखल. नकाशावर मात्र तिथे ठसठशीत रेघ आहे. जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं तेव्हाही ती होती, रायगड झालं तेव्हाही राहिली. राजे गेले, साहेब गेले, नावं गेली. चिखलाला कुणी काही कळवलं नाही.

रेघेच्या उत्तरेला, पेणच्या अंगाला, कांदळवे. दक्षिणेला, रोह्याच्या अंगाला, मोरशेत. कांदळव्याचा केरू सरकारी मोजणी खात्यात साखळी ओढायचा. उंच, काटकुळा, चालताना मान जराही न हलणारा माणूस. त्याच्या मागून चाललं की वाटायचं, याच्या डोक्यावर काहीतरी ठेवलेलं आहे आणि ते हा सांडू देत नाही.

खरोखरच त्याच्या घराण्याच्या डोक्यावर एक ओझं होतं. त्याच्या आज्याकडे गावची शीव चालण्याचं काम होतं. दोन गावांत हद्दीवरून तंटा झाला, की समोरच्या गावचा म्हातारा आपल्या हद्दीवरचं मातीचं ढेकूळ खणून काढी. केरूचा आजा खाडीत बुडी मारून ओलेत्याने ते डोक्यावर घेई आणि अनवाणी, न बोलता चालत जाई. तो चालेल ती हद्द. खोटा चालला तर सव्वा महिन्याच्या आत त्याच्या घरात काहीतरी घडणार, अशी दोन्ही गावांची खात्री. काही घडलं नाही तर चालणं खरं.

केरूच्या बापाने हे काम सोडलं. "छप्पन साली आम्ही पुष्कळ काय काय खाली ठेवलं," केरू म्हणायचा, "त्यात ते ढेकूळ पण ठेवलं. मी साखळी हातात घेतली ती यासाठी, की माप लोखंडानं व्हावं, माणसाच्या जिवावर नको."

आणि माप तो देवासारखं करायचा. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सारखे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. पुढचा माणूस ती ताणून टोकाला लोखंडी सळई रोवी आणि पुढे जाई. मागचा माणूस त्या सळईपाशी आला की ती उपटून घेई. अशा दहा सळया; मागच्याच्या हातात जेवढ्या, तेवढ्या साखळ्या. केरू मागचा माणूस होता. आठ वर्षांत त्याची एक सळई हरवली नव्हती. पेणच्या कचेरीत नवा माणूस आला की त्याला केरूकडे बोट दाखवून सांगत, "बायको हरवंल, पण याची सळई हरवायची नाय."

सहासष्ट साली कांदळव्याची मोजणी निघाली. मोजणीदार होते बेंजामिन कांदळवेकर, राहणारे रोह्यालगतच्या अष्टमीचे. आडनावावरून कळलंच असेल, त्यांचे पूर्वज या गावचे. इस्रायली तेल्यांचा घाणा इथे होता, शनिवारी तो बंद असे. घाणा गेला, घरं गेली. आडनाव तेवढं माणसांबरोबर हिंडत राहिलं. बेंजामिनभाऊ साखळीला हात लावण्याआधी गावच्या मातीला हात लावून बोटं कपाळाला टेकत. शनिवारी मात्र कागद नाही, पेन नाही, साखळी नाही. खातंही ते चालवून घेई.

एका शुक्रवारी मोजणी हद्दीपर्यंत पोचली. गावच्या बांधापासून चिखलातून शेवटच्या सात साखळ्या. सातवी संपली तेव्हा सूर्य खाली गेला होता. बेंजामिनभाऊ मागे बांधावरच होते, त्यांना दिवेलागणीच्या आत अष्टमीला पोचायचं होतं. त्यांनी हात वर करून ओरडून सांगितलं, "शेवटची सळई तिथंच राहू दे, केरू! रविवारी येऊन लिहू, तिथंच दगड गाडू!" केरूने सहा सळया पिशवीत टाकल्या, सातवी हद्दीवर उभी ठेवली, खुणेला तिच्यावर लाल चिंधी बांधली. पुढे साखळी ओढणारा जगन तेव्हाच कण्हत होता, त्याला ताप भरला होता.

शनिवारी उधाण आलं. बाहेरचा बांध फुटला. रविवारी केरू आणि बेंजामिनभाऊ आले तेव्हा ओळखीचं काहीच उरलं नव्हतं. चिंधी नाही, सळई नाही, तिवराची झाडंसुद्धा जागा बदलून उभी राहिल्यासारखी दिसत होती. जगन घरी तापात पडला होता, साखळ्यांना दुसरा साक्षीदार नव्हता.

बेंजामिनभाऊंनी वही उघडली. "किती, केरू?"

सात म्हणावं तर हद्दीवर उभी ठेवलेली सातवी सळई दाखवावी लागणार, नाहीतर ती हरवली म्हणावं लागणार. सहा म्हटलं तर शेवटचीही उपटून आणली असं दाखवता येत होतं. केरूच्या पिशवीत एक जादा सळई होती, मोडक्या साखळीची, ती घालून दहाचा हिशेब पुरा होत होता. आणि आठ वर्षांचं नाव होतं.

"सहा," केरू म्हणाला.

बेंजामिनभाऊंनी सहा लिहिलं. सहाव्या साखळीवर दगड गाडला. मोरशेतचा नकाशा रोह्याच्या लोकांनी पलीकडून, खऱ्या हद्दीपर्यंत काढला होता. पेणचा नकाशा एक साखळी अलीकडेच थांबला. मधे तेहेतीस फुटांचा पट्टा राहिला, जो पेणचाही नव्हता आणि रोह्याचाही. चिखलच तो. त्याच्यासाठी कोण रडणार होतं?

सत्तर साली बेंजामिनभाऊ बायकोमुलांना घेऊन इस्रायलला निघाले. जाण्याआधी ते मुद्दाम केरूच्या घरी आले, सीताबाईच्या हातचा चहा प्यायले. उठताना म्हणाले, "बाकी सगळी मोजणी गेली खड्ड्यात. कांदळव्याचं माप मी माझ्या हातानं लिहिलंय. ते खरं हाय ना, केरू?"

"व्हय," केरू म्हणाला.

ते गेल्यावर सीताबाईने विचारलं, "एवढंसं बोलताना तुम्हाला घाम कशाला आला?"

हे सगळं केरूने मला पुढे स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मी या मुलखातल्या माणसांच्या गोष्टी गोळा करतो, शाळा फारशी शिकलो नाही, पण ऐकलेलं विसरत नाही. आता पुढचं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

नव्वदच्या आसपास खाडीच्या पाण्याने वरची एक वाडी बुडवली. तिथली पुतळी नावाची विधवा चार बांबू आणि एक ताडपत्री घेऊन त्या पट्ट्यात येऊन राहिली. पट्ट्याच्या मधोमध एक उंचवटा आहे, तिथे भरतीचं पाणी चढत नाही. पेणकडचे म्हणाले, तुझी झोपडी आमच्या दगडापलीकडे आहे. रोह्याकडचे म्हणाले, आमच्या रेघेच्याही पलीकडे आहे. त्यामुळे तिला कुणी हाकललंही नाही आणि कुणी लिहूनही घेतलं नाही. ती चिंबोऱ्या पकडायची, चिखलात उड्या मारणारी निवट्यांची मासळी पकडायची, नागोठण्याच्या बाजारात विकायची. बाजारात कुणी विचारलं, "कुठची गो तू?" तर हसून म्हणायची, "मी मधली."

केरूला पाहिलं की तिला चेव यायचा. "अरे मोजणीवाल्या! माझ्या अंगणात तुझी साखळी मावल का रं? ये, बघ तरी!"

केरू मान न हलवता निघून जायचा. त्याला माहीत होतं, अंगण बरोबर एका साखळीचं आहे.

पंच्याण्णवच्या माघात पुतळी मेली. झोपडीत दोन दिवस पडून होती. कांदळव्याच्या पोलीस पाटलाने दगड दाखवला, मोरशेतच्या पाटलाने नकाशा दाखवला. शेवटी दोन्ही गावांतल्या चार शहाण्या माणसांनी तिला तिथेच, उंचवट्यावर जाळलं. मी त्या चौघांतला एक. लाकडं ओली होती, तरी पुतळी फार लवकर जळाली.

मृत्यूची नोंद कुठेच झाली नाही.

पाच-सहा दिवसांनी भर दुपारी मोरशेतच्या बायकांनी झोपडीतून धूर निघताना पाहिला. चुलीचा, भाकरीच्या वासाचा धूर. माणसं धावली. चूल थंड होती, राखेवर दव होतं. दुपारच्या उन्हात दव. झोपडी मोडून टाकली. दुसऱ्या दिवशी जागा मोकळी होती आणि धूर तेवढाच.

मग पावलं दिसली. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्यावर बाईच्या अनवाणी पावलांची एक ओळ. कांदळव्याच्या दगडापासून निघायची, सरळ दक्षिणेला जायची, मधेच वळायची, परत दगडापाशी यायची, पुन्हा वळायची. भरतीत पुसली जायची. पुढच्या ओहोटीला पुन्हा ताजी. जिथे वळायची तिथे टाच खोल रुतलेली, कुणी बंद दारासमोर उभं राहावं तशी.

लोक लांबून बघून जात. एकटा केरू साखळी घेऊन गेला. निवृत्त झाला होता, पण जुनी साखळी त्याच्याकडे होती. दगडापासून वळणापर्यंत त्याने मोजलं. मी बांधावर उभा होतो. त्याने साखळी गोळा केली आणि तिथेच चिखलात बसला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याची मान वाकलेली पाहिली.

"किती भरलं?" मी विचारलं.

"पुरी एक," तो म्हणाला. "एक आणा कमी नाय, एक आणा जास्ती नाय."

पुतळीची लेक शांती अष्टमीला दिलेली होती. ती दोन्ही कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होती. "आई मेली हे कुठल्या तरी वहीत लिहा," एवढंच मागणं. "तिचं नाव लागत नाय तोवर ती येरझाऱ्या घालणार. मी लेक हाय, माझ्या स्वप्नात येऊन विचारते, शांते, मी कुठली गो?" शेवटी एका कारकुनाला दया आली. तो म्हणाला, दोन्ही गावांनी हद्द मान्य करून एका पंचनाम्यावर सह्या करा, मग पट्टा ज्याच्याकडे जाईल त्याच्या वहीत बाई जाईल.

सभा कांदळव्याच्या शाळेत भरली. दोन्ही गावं दोन भिंतींना टेकून बसली. मोरशेतचे हैबतराव सर्वांत म्हातारे, सर्वांत खवचट. ते म्हणाले, "साखळीनं मोजून हे झालं. आता जुन्या रीतीनं होऊ दे. केरूच्या घराण्यानं शीव चालावी."

"ते आम्ही सोडलं," केरू म्हणाला.

"सोडलं की भ्यायलास? तुझं माप बिनचूक, अख्खा तालुका सांगतो. मग ढेकूळ घ्यायला काय जातंय?"

मोरशेतकर हसले. शांती उठली, केरूच्या समोर येऊन उभी राहिली. "केरूतात्या, पेणात जाऊ दे नायतर रोह्यात जाऊ दे. मला काय करायचंय? पण आईला कुठंतरी जाऊ दे."

केरू भिंत सोडून उठला. मग म्हणाला, "चालतो. पण कुणाचा चाकर म्हणून नाय. ढेकूळ तुम्ही खणायचं, हैबतराव. डोक्यावर ठेवायला कुणी हात लावायचा नाय. माझं मी ठेवीन."

त्या संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर आला आणि सळईची सगळी हकीकत सांगितली. "आता बघ गंमत," तो म्हणाला. "मी दगडाच्या रेघेवरनं चाललो, तर पट्टा मोरशेतला जातो. हैबतराव खूश. पुतळीची नोंद रोह्यात होते, शांती खूश. माझं माप बरोबर ठरतं. कुणाचं काय बिघडलं?"

"आणि खऱ्या रेघेवरनं चाललास तर?"

"तर एकोणतीस वर्षं मी खोटा. बेंजामिनभाऊंनी त्यांच्या गावाचं माप चुकीचं लिहिलं, ते माझ्यामुळं." मग म्हणाला, "ढेकळावर माझा विश्वास नाय. सव्वा महिन्यावर पण नाय." पण तो हे माझ्याकडे बघून बोलत नव्हता. खाडीकडे बघून बोलत होता.

चैत्रातली दुपार. पूर्ण ओहोटी. दोन बांधांवर दोन गावं. वारा पडलेला, निवट्यासुद्धा उडत नव्हत्या. पुतळीची पावलं चिखलात होतीच, ती सगळ्यांनी पाहिली आणि कुणी त्यांच्याबद्दल बोललं नाही. हैबतरावांनी आपल्या हद्दीवर, जिथे पावलं वळतात त्याच जागी, फावडं घातलं आणि नारळाएवढं काळं ढेकूळ काढलं. केरू खाडीत बुडी मारून आला. ढेकूळ उचललं, डोक्यावर ठेवलं. त्या क्षणी मला कळलं की त्याच्या चालण्यात इतकी वर्षं काय होतं.

हैबतराव दक्षिणेला उभे होते. केरू त्यांच्याकडे पाठ करून दगडापाशी गेला. दगडाला उजव्या पायाचा अंगठा लावला आणि दगडाच्या रेघेवरून पूर्वेकडे चालू लागला.

मोरशेतच्या बांधावर कुजबुज झाली. पट्टा आपला झाला, हे त्यांना समजलं. मी पावलं मोजत होतो, का ते ठाऊक नाही. चार. पाच. सातव्या पावलाला त्याची मान हलली. नवव्याला त्याने एक हात वर नेला, ढेकूळ सावरल्यासारखा. अकरावं पाऊल टाकलं आणि तो उभा राहिला.

ढेकळातून पाणी गळत होतं, ते त्याच्या कपाळावरून तांबडं उतरत होतं. कांदळव्याच्या बायका ओरडल्या, रक्त! पण ते रक्त नव्हतं. गंज होता.

केरू उजवीकडे वळला. रेघ सोडून सरळ दक्षिणेला निघाला, पुतळीच्या पावलांना समांतर, जशी ती जायची तसाच. जिथे तिची टाच रुतलेली होती त्या रेघेवर पोचला, पूर्वेकडे वळला आणि तिवरांच्या शेवटच्या झाडापर्यंत चालत गेला. मग तिथून त्याच रेघेने उलटा, पश्चिमेच्या पाण्यापर्यंत. मान हलली नाही.

परत आल्यावर त्याने ढेकूळ हैबतरावांच्या पायांशी ठेवलं आणि हाताने फोडलं. आत लोखंडी सळई होती, गंजून बोटाएवढी उरलेली. तिच्या कडीला दोन तांबडे धागे. एकोणतीस वर्षं खाऱ्या चिखलात चिंधी टिकत नाही, हे आम्हा खाडीकाठच्या माणसांना कुणी शिकवायला नको.

"सात," केरू मोठ्याने म्हणाला. दोन्ही बांधांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "सात साखळ्या होत्या. मी सहा सांगितल्या."

 हैबतराव एवढंच म्हणाले, "म्हंजे गड्या, तुझी पण हरवली व्हती." त्यात टोमणा नव्हता. पहिली सही त्यांनीच केली, पट्टा हातचा जात असताना.

पुतळीचं नाव कांदळवे ग्रामपंचायतीच्या वहीत लागलं. तालुका पेण, जिल्हा रायगड. शांतीने दाखला दोन्ही हातांनी घेतला, वाचता येत नसताना बराच वेळ बघत राहिली. त्याच दिवशीच्या ओहोटीला पावलांची एकच ओळ होती. दगडापासून निघालेली, वळणाच्या जागेवरून मागे दगडाकडे न येता सरळ उंचवट्याकडे वळलेली. परत येणारी पावलं नव्हती. त्यानंतर धूर दिसला नाही.

केरूने सव्वा महिना मोजला. विश्वास नाही म्हणणाऱ्याने एकेक दिवस मोजला. सीताबाई धडधाकट, लेकरं धडधाकट, गोठ्यातली म्हैससुद्धा व्याली. गावात "सहा की सात?" असं पोरं त्याला चिडवायची, तो हसायचा. शेवटच्या दिवशी म्हणाला, "बघ, काय नाय झालं. मी खरा चाललो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मला हाताला धरून खाडीवर घेऊन गेला. 

जुन्या दगडापासून पूर्वेकडे चिखलात पावलं होती. पुरुषाची, रुंद, अनवाणी. पहिल्या पावलात उजव्या अंगठ्याचा दाब. ताजी, कडा अजून पाझरत असलेली. मी मोजली. अकरा.

"तेवढा मी खोटा चाललो," केरू म्हणाला.

मी म्हटलं, असू दे, उधाणात जातील. तो खाली बसला आणि तळहाताने एकेक पाऊल पुसायला लागला, लेकराचं तोंड पुसावं तसं. मीही बसलो. अकराही पुसली.

त्यानंतर तीन वर्षं, होईल तेवढ्या ओहोटींना केरू तिथे जायचा. ओल्या फडक्याने पाटी पुसावी तसं पुसून यायचा. सीताबाई विचारायची, कुठं जाता? तो म्हणायचा, मोजणीचं थोडं काम राहिलंय. बेंजामिनभाऊंना त्याने एक पत्र लिहून घेतलं माझ्याकडून. त्यात एवढंच होतं: कांदळव्याचं माप सात धरावे, चूक माझी, आपल्या हाताची नाही. पत्ता जुना होता. उत्तर आलं नाही, पत्रही परत आलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या भाद्रपदात केरू गेला. घरच्या अंथरुणावर, दिवसाउजेडी, सगळे भोवती असताना. त्याची नोंद लगेच झाली.

तेराव्या दिवशी मी ओहोटी बघून खाडीवर गेलो. नवा दगड खऱ्या हद्दीवर उभा आहे. जुना काढून टाकलेला, त्याचा खड्डा पाण्याने भरलेला. त्या खड्ड्यापासून पूर्वेकडे पावलं होती. अंगठ्याचा दाब ओळखीचा होता.

मी बसलो, तळहाताने पुसू लागलो. दहा पुसली. अकराव्यापाशी आलो, आणि त्याच्या पुढे चिखलात ताजं, पाझरतं बारावं होतं. ते पूर्वेकडे नव्हतं. दक्षिणेकडे वळलेलं होतं.

ती दोन मी पुसली नाहीत.